न्यूट्रिनोला विद्युतभारच नाही, मग त्याचा झोत नेम धरून सोडतात कसा?

वायरमन (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी विजेचा माणूस. उभं आयुष्य ट्रान्सफॉर्मर आणि स्विचगिअरमध्ये गेलं. पदार्थविज्ञान कॉलेजनंतर जे सुटलं ते निवृत्त झाल्यावर पुन्हा हातात घेतलंय. गेल्या आठवड्यात न्यूट्रिनोंवरचा एक लेख वाचत होतो, आणि त्यातल्या एका वाक्यापाशी गाडी अडली ती अडलीच. वाक्य साधारण असं होतं: त्वरकाच्या मदतीने न्यूट्रिनोंचा तीव्र झोत तयार करतात आणि तो जमिनीखालून १३०० किलोमीटर लांबच्या डिटेक्टरवर सोडतात. बोगदा वगैरे काही नाही, थेट खडकातून.

आता माझी अडचण. त्वरकात कण पळतो तो विद्युतक्षेत्रामुळे, वळतो तो चुंबकामुळे. दोन्हीला कणावर भार लागतो. न्यूट्रिनोवर भार नाही. मग त्याला पळवणार कोण आणि वळवणार कोण? दुसरं, तो कशालाच अडत नाही म्हणतात. म्हणजे त्याला नळी नाही, भिंत नाही, भिंग नाही. दिव्याचा उजेड सगळीकडे पसरतो तसा तोही पसरायला हवा. आणि तिसरं म्हणजे, जो कण कुठेच थांबत नाही तो आपण पाठवला हे तरी कशावरून? ही नोंद ठेवतं कोण? सूर्याकडून फुकट येतात ते सोडून एवढा खटाटोप का, हेही कोणी सांगितलं तर बरं.

गणित थोडं चालेल. फार नको.


उडतउडत

सोपं आहे. वेगवान प्रोटॉन टार्गेटवर आपटतात. त्यातून पायॉन नावाचे अल्पायुषी, भारित कण निघतात. पायॉनचा क्षय होऊन म्यूऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद) आणि न्यूट्रिनो मिळतात. पळत्या कणाचा क्षय झाला की तुकडे पुढच्याच दिशेला उडतात, म्हणून झोत. संपला विषय.


वायरमन

संपला कसा? पायॉन तरी टार्गेटमधून सरळ रेषेत निघतात का? फटाका फुटल्यासारखे चौफेर उडत असणार.


तळघरातला

विषय तिथेच तर सुरू होतो. मी एका त्वरक-प्रयोगशाळेत न्यूट्रिनो झोताच्या गटात अकरा वर्षं काढली. डिटेक्टरवाले वेगळे, बातम्यांत येतात ते. आम्ही जमिनीखाली, काँक्रीटच्या पलीकडे. तेव्हा प्रतिसाद लांबला तर सांभाळून घ्या.

वायरमन, तुमचं निदान अचूक आहे. एकदा न्यूट्रिनो जन्मला की त्याच्यावर आपली काडीची सत्ता नाही. वळवता येत नाही, गोळा करता येत नाही, अडवता येत नाही. जे काही करायचं ते त्याच्या बापावर, म्हणजे पायॉनवर, आणि तेही बाप जिवंत आहे तोवर. पायॉन सरासरी २६ नॅनोसेकंद जगतो. आमची सगळी विद्या त्या २६ नॅनोसेकंदांत बसवलेली असते. त्यानंतर फक्त हात बांधून बघायचं.

(पायॉन वेगात असल्यामुळे आपल्या घड्याळाने तो जास्त जगतो. ५ जीईव्हीचा (जीईव्ही म्हणजे अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट, कणांची ऊर्जा मोजायचं एकक) पायॉन मरायच्या आत सरासरी २८० मीटर जातो. या सवलतीवरच आमचा धंदा चालतो.)

आता क्रमाने. प्रोटॉन येतात ते एकसारखे नाहीत, ठोक्याठोक्याने. अमेरिकेतल्या फर्मिलॅब प्रयोगशाळेच्या नुमी या झोतात प्रोटॉनची ऊर्जा १२० जीईव्ही. एका ठोक्यात साधारण ५० लाख कोटी प्रोटॉन, आणि ते सगळे १० मायक्रोसेकंदांत. गुणाकार केलात तर जवळपास १० लाख ज्यूल येतात. समोर काय, तर बोटाएवढी जाड ग्राफाइटची कांडी. जपानच्या टी-टू-के प्रयोगातली कांडी ९१ सेंटिमीटर लांब आणि २.६ सेंटिमीटर जाड आहे, भोवती हीलियम वाहता ठेवून गार करतात. सुदैवाने सगळी ऊर्जा कांडीत उतरत नाही, थोडे टक्केच उतरतात. बाकीची बाहेर पडणाऱ्या कणांबरोबर पुढे जाते. तरी प्रत्येक ठोक्याला कांडी एकदम तापते, प्रसरण पावते आणि तिच्यातून धक्क्याची लाट जाते. शिसं किंवा टंगस्टनसारखा जड धातू का नको, असा प्रश्न नवीन आलेला प्रत्येक मुलगा विचारायचा. उत्तर असं की जड धातूत तीच ऊर्जा थोड्या जागेत साठते, आणि तयार झालेले पायॉन बाहेर पडायच्या आत आतल्या आत मरतात. कांडी बारीक ठेवायची तीही याचसाठी. पायॉनला कडेने निसटायला वाट हवी.

निसटलेले पायॉन तुम्ही म्हणता तसे थोडे फाकतात. तुम्हाला आवडेल असा भाग आता येतो.

त्याला हॉर्न म्हणतात. आकार जुन्या ग्रामोफोनच्या कर्ण्यासारखा. एकात एक अशा दोन ॲल्युमिनिअमच्या भिंती. आतल्या भिंतीतून विद्युतप्रवाह पुढे जातो, बाहेरच्या भिंतीतून परत येतो. मग चुंबकीय क्षेत्र राहतं ते दोन भिंतींच्या मधल्या पोकळीत, वर्तुळाकार. आतल्या भिंतीच्या आत शून्य, बाहेरच्या भिंतीच्या बाहेर शून्य. सरळ निघालेला पायॉन मधून काही न होता जातो, फाकलेला पायॉन पोकळीत शिरतो आणि क्षेत्र त्याला अक्षाकडे ढकलतं. प्रवाह किती? टी-टू-केचे हॉर्न सुरुवातीची बरीच वर्षं अडीच लाख अँपिअरवर चालले. तुम्हीच हिशेब करा: अक्षापासून ३ सेंटिमीटरवर सुमारे १.६७ टेस्ला येईल. अर्थात सतत नाही, काही मिलिसेकंदांचा अर्धा साइन, प्रोटॉनच्या ठोक्याशी वेळ जुळवून. आतली भिंत मात्र थोड्या मिलिमीटरचीच ठेवावी लागते, कारण पायॉन तिच्यातूनच आरपार जायचे असतात. एवढा प्रवाह, पातळ पत्रा, वरून पाण्याचे फवारे आणि भोवती किरणोत्सार. तुमच्या स्विचगिअरवाल्यांना हे ऐकून घाम फुटेल. आम्हालाही फुटायचा. हॉर्नचा ठोका पडला की काँक्रीटच्या पलीकडूनही धप्प असा आवाज यायचा, आणि रात्रपाळीत तो आवाज चुकला तर झोपेतला माणूस दचकून उठायचा.

ही कल्पना सायमन व्हॅन डर मीर यांची, सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेत, १९६१ साली. ते तिथे चुंबकांच्या वीजपुरवठ्याचं काम करत. म्हणजे तुमच्याच बिरादरीतले. नोबेल त्यांना १९८४ साली मिळालं ते दुसऱ्याच कामासाठी, पण आमच्या तळघरात त्यांचं नाव हॉर्नसाठीच घेतलं जायचं.

आणि एक गंमत. प्रवाहाची दिशा उलटी केली की हॉर्न धन पायॉनांना बाहेर फेकतो आणि ऋण पायॉनांना गोळा करतो. मग झोत न्यूट्रिनोंऐवजी प्रतिन्यूट्रिनोंचा होतो. दोन्ही झोतांत फरक पडतो का, यातच सगळ्यात मोठा प्रश्न दडलेला आहे. त्यावर नंतर.

हॉर्नमधून निघालेले पायॉन एका लांब नळीत शिरतात. तिथे बाकी काहीच नसतं, मरायला मोकळी जागा एवढंच. नुमीत ती ६७५ मीटर लांब आहे, टी-टू-केत ९६ मीटर. हवेऐवजी हीलियम भरतात, नाहीतर पायॉन हवेवरच आपटून वाया जातात. नळी अजून लांब का नाही करत? कारण न्यूट्रिनोबरोबर जो म्यूऑन जन्मतो तोही यथावकाश मरतो आणि मरताना इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो, म्हणजे दुसऱ्या जातीचा न्यूट्रिनो, सोडतो. आम्हाला हवे असतात म्यूऑन-न्यूट्रिनो, शक्य तितके निर्भेळ. म्यूऑनचं आयुष्य पायॉनच्या ऐंशीपट मोठं, म्हणून बहुतेक म्यूऑन जिवंतच नळीच्या टोकाला पोचतात आणि तिथे ॲल्युमिनिअम, लोखंड किंवा ग्राफाइटच्या मोठ्या ढिगाऱ्यावर आपटतात. त्यातून सुटलेले पुढच्या खडकात अडकतात. खडकापलीकडे जातात ते फक्त न्यूट्रिनो.

ही गाळणी जुनी आहे. १९६२ साली अमेरिकेत ब्रुकहेवन प्रयोगशाळेत लेडरमन, श्वार्ट्झ आणि स्टाइनबर्गर यांनी पहिला असा झोत केला तेव्हा साडेतेरा मीटर जाडीची पोलादी भिंत उभारली होती, मोडीत काढलेल्या युद्धनौकेचे पत्रे रचून. पलीकडे १० टनांचं स्पार्क चेंबर, म्हणजे कणाचा माग ठिणग्यांनी दाखवणारं यंत्र. महिनोनमहिन्यांत हाती आले २९ म्यूऑन. त्या प्रमाणात इलेक्ट्रॉन मिळाले नाहीत, म्हणजेच न्यूट्रिनोच्या किमान दोन जाती आहेत. १९८८ चं नोबेल त्याला. हॉर्न त्यांच्याकडे नव्हता, पायॉन जसे निघाले तसे.

आता तुमचा तिसरा प्रश्न, नोंद कोण ठेवतं. खरं सांगायचं तर झोत तयार करण्यापेक्षा हे अवघड. अकरा वर्षांत माझी जी काही झोप उडाली ती याच कामापायी.

न्यूट्रिनो मोजता येत नाही, पण त्याचा जुळा भाऊ म्यूऑन मोजता येतो. ढिगाऱ्यापलीकडे पोचणारे मोजके म्यूऑन पकडायला एक जाळी बसवलेली असते. एका वर्षी वार्षिक देखभालीनंतर आम्ही झोत सुरू केला आणि म्यूऑनची मोजणी आधीपेक्षा कमी भरली. फार नाही, तीनेक टक्के. हॉर्नचा प्रवाह पडद्यावर पूर्वीएवढाच, शेवटच्या आकड्यापर्यंत. प्रोटॉनवाले म्हणाले, टार्गेट झिजलं. टार्गेटवाले म्हणाले, प्रोटॉन सरकले. दोन दिवस हीच टोलवाटोलवी. मला तो प्रवाहाचा आकडा फार गुळगुळीत वाटत होता. देखभालीत प्रवाह मोजणारी कॉइल बदलली होती. नव्या कॉइलचा गुणक संगणकात भरायचा राहिला होता, जुनाच होता. म्हणजे आम्हाला जो आकडा हवा तो पडद्यावर दिसत होता आणि हॉर्नमध्ये प्रत्यक्षात कमी प्रवाह जात होता. गुणक भरला, प्रवाह वाढवला, म्यूऑन परत आले. पडद्यावर आकडा जसाच्या तसा दिसला की मला अजूनही आधी संशय येतो.

पण म्यूऑनही अर्धीच गोष्ट सांगतात. खरा साक्षीदार म्हणजे जवळचा डिटेक्टर. टी-टू-केचा टार्गेटपासून २८० मीटरवर, नुमीचाच झोत वापरणाऱ्या नोव्हा प्रयोगाचा साधारण एका किलोमीटरवर. लांबच्या वाटेत न्यूट्रिनो एका जातीचे दुसऱ्या जातीचे होतात, आणि तेच आम्हाला मोजायचं असतं; जवळच्या डिटेक्टरपाशी मात्र त्यांना जात बदलायला वेळच मिळालेला नसतो. तेव्हा तिथे जे दिसतं ते आपण पाठवलेलं, आणि शेकडो किलोमीटरवर जे दिसतं ते पोचलेलं. दोन्ही ताडून बघायचं. शिवाय ग्राफाइटमधून पायॉन किती आणि कोणत्या कोनात निघतात हे मोजायला सर्नमध्ये एनए-६१ नावाचा वेगळा प्रयोग झाला, टी-टू-केच्या कांडीची हुबेहूब नक्कल ठेवून. एका कांडीसाठी एवढं.

सूर्याचे फुकटचे का नकोत? ते इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो असतात, ऊर्जा आमच्या कामापेक्षा खूप कमी, आणि सूर्य बंद करता येत नाही. आमचा झोत ५ मायक्रोसेकंद येतो आणि मग दोन-अडीच सेकंद काही नाही. टी-टू-केचा ठोका बरीच वर्षं २.४८ सेकंदांनी पडायचा. दूरच्या डिटेक्टरने जीपीएसच्या घड्याळाने तेवढेच ५ मायक्रोसेकंद उघडून बघायचे. आकाशातून येणारा कचरा आपोआप पाच लाखपट कमी होतो. ठोका कधी पडणार हे माहीत असणं फार मोठी गोष्ट आहे.

नेम धरण्याबद्दल एवढंच, की पृथ्वी गोल आहे म्हणून झोत खाली तिरका मारावा लागतो. १३०० किलोमीटरसाठी ५.८ अंश. वाटेत तो सुमारे ३३ किलोमीटर खोल जातो. अमेरिकेत ड्यून प्रयोगासाठी हा उतार मिळवायला प्रोटॉनना आधी १८ मीटर उंच मातीच्या टेकडीवर चढवून मग खाली वळवायचं ठरलंय. टेकडी मुद्दाम रचलेली.

टी-टू-के मात्र मुद्दाम अडीच अंश चुकवून मारतात! ते गणित कोणी सराईताने सांगावं, माझी बोटं दुखायला लागली.


उडतउडत

माझा "संपला विषय" मागे घेतो.


कोनमापक

तळघरातला यांनी चेंडू माझ्याकडे टोलवलाय असं समजते. मी शिकवते गणित, पण हे उदाहरण वर्गात दर वर्षी देते. इतकं देखणं आहे.

पायॉन जागच्या जागी उभा असताना मेला तर न्यूट्रिनोला मिळणारा संवेग ठरलेला: २९.८ एमईव्ही (एमईव्ही म्हणजे जीईव्हीचा हजारावा भाग). दोनच तुकडे होतात, म्हणून दुसरा आकडा शक्यच नाही. दिशा मात्र कोणतीही. आता पायॉन पळतोय. पळण्याच्या दिशेतला संवेग वाढतो, पण आडवा संवेग? तो बदलत नाही. म्हणजे पायॉन कितीही जोरात पळो, न्यूट्रिनोचा आडवा संवेग २९.८ च्या वर जाऊच शकत नाही.

तुम्ही पायॉनच्या रेषेपासून θ कोनावर उभे आहात. तुमच्याकडे येणाऱ्या न्यूट्रिनोचा आडवा संवेग म्हणजे त्याची ऊर्जा गुणिले ज्या θ (sin ऐवजी ज्या लिहिते). म्हणून ऊर्जा जास्तीत जास्त २९.८ भागिले ज्या θ. बस, इतकंच.

अडीच अंशाची ज्या ०.०४३६. भागाकार ६८३ एमईव्ही. पायॉन ३ जीईव्हीचा असो की १०चा, त्या कोनावर याहून जास्त ऊर्जेचा न्यूट्रिनो येणार नाही. आणि कमाल बिंदूजवळ आलेख सपाट असतो हे आपण सगळे शिकलोय, त्यामुळे वेगवेगळ्या ऊर्जेच्या पायॉनांचे न्यूट्रिनो त्या कमालीच्या जरा खाली दाटी करतात. नाकासमोर उभं राहिलात तर जास्त न्यूट्रिनो, पण सगळ्या ऊर्जांची खिचडी. बाजूला सरकलात तर एकूण कमी, पण हव्या त्या ऊर्जेपाशी गर्दी. टी-टू-केचा झोत ०.६ जीईव्हीपाशी टोकदार होतो तो असा.

०.६ च का? जात बदलण्याचं प्रमाण अंतर भागिले ऊर्जा यावर ठरतं आणि ते पहिल्यांदा कमाल होतं साधारण ५०० किलोमीटर प्रति जीईव्हीला. टी-टू-केचं अंतर २९५ किलोमीटर. भागून बघा. नोव्हाचं अंतर ८१० किलोमीटर आणि कोन १४ मिलिरेडियन (साधारण ०.८ अंश), म्हणजे कमाल २.१ जीईव्ही. तेही जवळपास बसतं.


वायरमन

कोनमापक ताई, कागदावर करून बघितलं. तिसऱ्या ओळीत उत्तर! तळघरातला, अडीच लाख अँपिअरचा १.६७ टेस्लाही जुळला. रात्री उशिरापर्यंत हेच.

पण मग कोन जरा चुकला तर?


कोनमापक

१ मिलिरेडियन चुकला तर २९५ किलोमीटरवर झोत २९५ मीटर सरकेल. झोत कित्येक किलोमीटर रुंद असतो, डिटेक्टर चुकणार नाही. पण ऊर्जेची कमाल १६ एमईव्हीने हलेल, सव्वादोन टक्के. तेवढी चूक मोजमापात दिसते. म्हणून दिशा १ मिलिरेडियनच्या आत राखतात.


तळघरातला

आणि ते राखायला तीच म्यूऑनांची जाळी, दर ठोक्याला.


शंकासुर

सगळं वाचलं. छान आहे. पण एवढा दारूगोळा उडवून शिकार किती? बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर. आणि २०११ साली हेच न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा जोरात पळाले होते ना? तेव्हाही छातीठोकपणे सांगितलं होतं.


तळघरातला

शंकासुर आले म्हणजे धागा चांगला चाललाय.

आधी २०११. सर्नपासून ७३२ किलोमीटरवर इटलीत ग्रान सास्सो. तिथल्या ओपेरा प्रयोगाला न्यूट्रिनो ६० नॅनोसेकंद लवकर आल्याचे दिसले. एकूण प्रवास २.४ मिलिसेकंदांचा. छातीठोकपणे मात्र कोणी सांगितलं नव्हतं. आम्हाला चूक सापडत नाही, तुम्ही शोधा, असा त्यांचा सूर होता. चूक सापडली ती जीपीएसचा इशारा आणणाऱ्या ऑप्टिकल फायबरच्या जोडात. जोड नीट बसला नव्हता. माझ्या त्या कॉइलच्या गुणकाची गोष्ट आठवा. त्यांच्यावर जग हसलं तेव्हा मला हसू आलं नाही. त्याच ओपेराने पुढे काय केलं तेही सांगायला हवं. म्यूऑन-न्यूट्रिनो पाठवले आणि तिथे टाऊ-न्यूट्रिनो, म्हणजे तिसऱ्या जातीचे, पकडले. पहिला २०१० साली, आणि २०१८ च्या शेवटच्या मोजणीत एकूण १०. त्या मोजणीसाठी झोत चालला पाच वर्षं, २००८ ते २०१२.

आता शिकार. २०१३ साली टी-टू-केने जाहीर केलं की म्यूऑन-न्यूट्रिनोंच्या झोतातून २८ इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो सापडले. जात बदललीच नसती तर पाचेक दिसले असते. त्यासाठी कांडीवर आपटलेले प्रोटॉन ६.५७ × १०^२०. साडेसहाशे अब्ज-अब्ज. आकडा प्रचंड वाटतो, म्हणून मी एकदा त्यांचं वजन काढलं. एक मिलिग्रॅमच्या जरा वर! काही वर्षांत मिळून एक चिमूटही नाही. त्यातून २८.

ते २८ पुरेसे का, तर पाचाऐवजी अठ्ठावीस योगायोगाने येण्याची शक्यता जवळजवळ नाही. एका जातीचा न्यूट्रिनो वाटेत दुसऱ्या ठरावीक जातीचा होताना इतक्या खात्रीने पहिल्यांदाच दिसला. मला मात्र २०११ चा आकडा जास्त जवळचा वाटतो. ११ मार्चला जपानात भूकंप झाला आणि त्वरक बंद पडला. त्या दिवसापर्यंत जमलेल्या माहितीत त्यांना ६ सापडले होते, अपेक्षा दीडची. यंत्र बंद, बोगद्यांची दुरुस्ती चालू, आणि जूनमध्ये त्या सहांवर त्यांनी निबंध दिला.

मघाशी हॉर्न उलटा करण्याबद्दल म्हणालो होतो. जात बदलण्याचं प्रमाण न्यूट्रिनोत आणि प्रतिन्यूट्रिनोत सारखं आहे की नाही, हे बघायचंय. सारखं नसेल, तर विश्वात द्रव्य उरलं आणि प्रतिद्रव्य का उरलं नाही, या कोड्याचा एक धागा हाती येऊ शकतो. टी-टू-केने २०२० साली फरक असल्याच्या बाजूने कल दाखवला. कल, सिद्धता नाही. अडचण अशी की प्रतिन्यूट्रिनो अजूनच हट्टी, एक जीईव्हीच्या आसपास ते न्यूट्रिनोंच्या तिसऱ्या हिश्श्याएवढेच अणूंशी बोलतात. त्यात प्रोटॉन आपटल्यावर ऋण पायॉनही कमी निघतात. म्हणून आता शक्ती वाढवायची धडपड. नुमी २०१७ साली ७०० किलोवॅटला पोचला. ड्यूनचा झोत १२०० किलोवॅटपासून सुरू करून पुढे दुप्पट करायचा बेत आहे. हे ऐकून मी आनंदी व्हायचं की हॉर्नच्या पत्र्याची कीव करायची, ते ठरत नाही.


शंकासुर

श्राद्ध रद्द. तरी एक विचारतो, याने निरोप पाठवता येईल का? खडकातून आरपार जातंय म्हणजे.


तळघरातला

पाठवून झालाय. २०१२ च्या निबंधात आहे. नुमीचे ठोके चालू-बंद करून शंभर मीटरपेक्षा जास्त खडकापलीकडच्या मिनर्व्हा डिटेक्टरला एक शब्द पाठवला. शब्द होता "न्यूट्रिनो". वेग दर सेकंदाला ०.१ बिट. जगातला सगळ्यात महाग टपालखर्च असावा.


उडतउडत

इतक्या वेळात माणूस चालत जाऊन कानात सांगून येईल.


वायरमन

एक शेवटचं. काल रात्री कोनमापक ताईंचं सूत्र ड्यूनला लावायला बसलो. तिथे डिटेक्टर बरोब्बर नाकासमोर आहे म्हणतात, म्हणजे θ शून्य. २९.८ भागिले शून्य. कॅल्क्युलेटरने हात वर केले.


कोनमापक

कॅल्क्युलेटर बरोबर आहे. नाकासमोर कोनाची मर्यादा उरतच नाही. तिथे मर्यादा पायॉनच्या स्वतःच्या ऊर्जेची: न्यूट्रिनोला तिच्या ४३ टक्क्यांपर्यंत मिळते. जितक्या प्रकारचे पायॉन तितक्या प्रकारचे न्यूट्रिनो.


तळघरातला

आणि ड्यूनला तीच खिचडी हवी आहे. १३०० भागिले ५०० करा, २.६ जीईव्हीला पहिली कमाल. त्याच्या एक तृतीयांशाला, ०.९ च्या जरा खाली, दुसरी. दोन्ही एकाच झोतात बघायच्या तर झोत रुंद हवा. वायरमन, तिथल्या हॉर्नचा प्रवाह तीन लाख अँपिअरच्या घरात ठरलाय. ३ सेंटिमीटरवर किती ते काढून इथे टाका.


वायरमन

२ टेस्ला. आता त्या कॉइलचा गुणक भरलाय ना, तेवढं बघा म्हणावं.